पऱ्हाटीचा कोळसा ड्रिलिंगच्या चिखलात – करून बघितलं, अर्धं जमलं, अर्धं अंगावर आलं

चिखलवाला – रविवार, रात्री १०:४२

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी तेलाच्या विहिरींवर मड इंजिनिअर आहे, म्हणजे सरळ मराठीत चिखल कालवणारा. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. घर यवतमाळ जिल्ह्यात, भावाचं सात एकर कापूस. फेब्रुवारीत सुट्टीवर आलो तर बांधावर पऱ्हाटीचा (कापूस वेचून उरलेल्या काड्यांचा) हा एवढा ढीग आणि भाऊ काडेपेटी घेऊन उभा. म्हटलं थांब रे, जाळायचंच आहे तर जरा वेगळ्या पद्धतीनं जाळू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेलाची विहीर खणताना पाइपाच्या आतून चिखल खाली सोडतात, तो बिटच्या (खणणाऱ्या टोकाच्या) तोंडातून बाहेर पडतो आणि पाइप नि भोकाची भिंत यांच्यातल्या फटीतून दगडाचा चुरा घेऊन वर येतो. वर चाळणी असते, शेल शेकर, गदागदा हलत असते, चुरा बाजूला पडतो आणि चिखल परत टाकीत. बिट गार ठेवायचं, चुरा वर आणायचा, खालच्या तेल-गॅसला वजनानं दाबून धरायचं आणि भिंतीला लिंपण करायचं, ही सगळी कामं तो एकटा करतो. लिंपण म्हणजे अक्षरशः लिंपण. चिखलातलं पाणी दगडात झिरपतं आणि मागे मातीचा थर बसतो, त्याला आम्ही फिल्टर केक म्हणतो. केक पातळ आणि चिवट पाहिजे. जाड झाला की पाइप त्याला चिकटतो, आणि पाइप अडकला म्हणजे रिगवर (विहीर खणायच्या सांगाड्यावर) सुतक.

आता यात मुख्य माती बेन्टोनाइट, ती कच्छची. वजनाला बॅराइट, ते आंध्रातल्या मंगमपेटहून. आणि पाणी धरून ठेवायला स्टार्च, सीएमसी, पीएसी अशा पावडरी. हल्ली ‘हिरवं ड्रिलिंग’ म्हणून बऱ्याच ठिकाणी या पावडरींच्या जागी किंवा जोडीला शेतातल्या कचऱ्यापासून केलेला कार्बन घालायचे प्रयोग चाललेत, तुसाचा, करवंटीचा, उसाच्या चिपाडाचा. डोक्यात आलं की कापसाचं काय घोडं मारलंय.

तर शंकूसारखा खड्डा खणला, वर रुंद खाली निमुळता. तळाशी पेटवलं आणि थर थर पऱ्हाटी टाकत गेलो. ज्वाळा वर राहते, तिच्याखाली हवा पोचत नाही त्यामुळे खालची काडी जळून राख होत नाही, कोळसा होते. वरच्या थराच्या कडेला पांढरी राख दिसली रे दिसली की पुढचा थर टाकायचा. शेवटी पाणी ओतून विझवलं. ओतताना जो फुस्स आवाज आणि वाफ आली, गावातली निम्मी पोरं बघायला हजर.

इथवर मजा. पुढे दळण. गिरणीवाल्यानं पोतं बघूनच हात जोडले. शेवटी मेहुण्याच्या मिरची कांडपावर नेलं, तो नाही म्हणू शकत नव्हता. दळून आलेली पावडर काळी कुळकुळीत आणि वास लवंगी मिरचीचा, पुढचे दोन दिवस चिखल कालवताना मी शिंकतोय.

एका ओळखीच्या लॅबमध्ये जुनं फिल्टर प्रेस आहे, तिथे टेस्ट लावली. ३५० मिली पाणी, २२.५ ग्रॅम बेन्टोनाइट, रात्रभर मुरवलं, वर ३ ग्रॅम कोळसा. (लॅबमध्ये ३५० मिलीत १ ग्रॅम म्हणजे रिगवर बॅरलला १ पौंड, म्हणून हा ३५० चा विचित्र आकडा.) फिल्टर पेपरवर ओतायचं, १०० पीएसआयचा दाब द्यायचा आणि ३० मिनिटांत खाली नळकांड्यात किती पाणी पडतं ते बघायचं. जितकं कमी तितकं लिंपण चांगलं.

पहिल्यांदा पार फजिती. निम्मा कोळसा दुधावरच्या सायीसारखा वर तरंगत राहिला, चिखल थालीपीठाच्या पिठासारखा घट्ट झाला, आणि पाणी कमी पडायच्या ऐवजी साध्या बेन्टोनाइटपेक्षा जास्तच पडलं. दुसऱ्यांदा कोळसा तीन पाण्यांनी धुतला, २०० मेशच्या चाळणीतून चाळला (७५ मायक्रॉनच्या आतला तेवढा घेतला), रात्रभर भिजवला आणि मग घातला. यावेळी पाणी साध्या चिखलापेक्षा कमी पडलं आणि केक पातळ, बोट फिरवलं तर साबणावर फिरल्यासारखं. आकडे देत नाही कारण दोनच टेस्ट केल्यात आणि दोन टेस्टच्या जोरावर आकडे फेकणाऱ्यांचा मला स्वतःलाच राग येतो.

तर प्रश्न असा: कुणी या वाटेनं गेलंय का? कापूस, ऊस, काजू, काहीही. आणि यात खरंच दम आहे की मी सुट्टीत कोळसा उगाळतोय?

---

भटक्या_विमुक्त – रविवार, रात्री ११:१५

दादा भारी लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न, आमच्या गावात बोअर मारतात तेव्हा असला चिखल वगैरे काही दिसत नाही, नुसता धुरळा उडतो आणि शेजारच्यांची वाळत घातलेली कपडे पांढरी होतात. मग चिखल कशाला लागतो?

---

चिखलवाला – रविवार, रात्री ११:३१

बरोबर आहे तुमचं. गावातला बोअर हवेवर चालतो, हातोडा आणि कॉम्प्रेसर. आपल्याकडचा काळा पाषाण कडक, भोक आपसूक उभं राहतं आणि दोन-चारशे फुटांवर काम संपतं. तेलाच्या विहिरीला दोन-तीन किलोमीटर जायचं असतं, मध्ये शेल (चिकणमातीचा थरांचा दगड) लागते जी पाणी पिऊन फुगते आणि ढासळते, आणि खाली दाबाखालचं तेल-गॅस. तिथे नुसती हवा सोडली तर खालचा पाहुणा वर भेटायला येईल.

चिखलाची गोष्ट पण गमतीची आहे बरं का. १९००-०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपला विहीर खणताना वाळू सारखी ढासळत होती, तर सांगतात की खणणाऱ्या भावांनी डबक्यात गुरं हाकली, गुरांनी तुडवून गाळ केला आणि तो गाळ भोकात सोडला. म्हणजे या धंद्याची सुरुवातच आपल्या कुंभारवाड्यातल्यासारखी.

---

वणीचा_गडी – सोमवार, सकाळी ६:५०

भाऊ प्रयोग झकास आहे पन पऱ्हाटी फुकटची आहे हे कोनं सांगतलं तुमाले? चिमटा घेऊन एक एक झाड उपटा लागते, कंबरडं मोडते, मजूर भेटत नाही. रोटावेटर मारलं तं तिथंच बारीक होऊन मातीत जाते, थे बी चांगलं म्हनतेत, पन बोंडअळीचं काय? कृषीवाले दरसाल सांगतेत फरदड (वेचनी झाल्यावर त्याच झाडाचं लांबवलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात ठेऊ नका, बांधावर रचू नका, कोष राहते त्यात. म्हनून जाळतो आमी, हौस म्हनून नाही जाळत. अर्धी चुलीत जाते, उरलेली ब्रिकेटवाला कधी येते कधी येत नाही.

तुमचा खड्डा मले आवडला. अळी बी मरते आन कोळसा बी भेटते. पन भाव काय देसान ते बोला.

---

खडूस_काका – सोमवार, सकाळी ९:२०

हिरवं ड्रिलिंग म्हणजे शाकाहारी वाघ. तेल काढायचं, जाळायचं, आणि ते काढताना भोकात कापसाची काडी घातली म्हणून पर्यावरण वाचलं असं म्हणायचं. चालू द्या.

दुसरं म्हणजे उसाचं चिपाड लिहिलंय. ते वाया जातं कुठे? उसाच्या वजनाच्या २८-३० टक्के चिपाड निघतं, त्यात निम्मं पाणी, आणि ते सगळं कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं, वर वीज विकतात. वाया जातं ते पाचट, हेक्टरी ८ ते १० टन, शेतात पसरलेलं. दोन्हीत गल्लत करू नका. पाचटापासून कोळसा करायची भट्टी पुण्याच्या आरती संस्थेनं कधीच केलीय, २००२ साली त्यांना इंग्लंडचं अ‍ॅशडेन पारितोषिकही मिळालं त्यासाठी. चुलीच्या कांडी कोळशासाठी होतं ते, तुमच्या विहिरींसाठी नाही. म्हणजे कोळसा करणं हा प्रश्नच नव्हता कधी. घेणार कोण हा प्रश्न होता, आणि आहे.

---

चिखलवाला – सोमवार, दुपारी १:०५

काका, वाघ पटला. पण चिखल काही नुसता विहिरीत राहत नाही हो. तो वर येतो, त्याचं काहीतरी करावं लागतं. २००५ च्या केंद्राच्या नियमात डिझेलवर कालवलेल्या चिखलाला बंदीच आहे, पाण्यावरचाच वापरा, आणि अगदीच नाइलाज झाला तर अ‍ॅरोमॅटिक १ टक्क्याच्या आत असलेलं कमी विषारी तेल. बॅराइटमध्ये पारा किलोमागे १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. जमिनीवर खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर. चिखल समुद्रात सोडायच्या आधी कोळंबीच्या चुलतभावांना त्यात ९६ तास ठेवून बघतात, ३०,००० पीपीएमला निम्म्याहून जास्त मेले तर नापास. म्हणजे तेल काढणं हिरवं की काळं हा वाद वेगळा, पण जोवर भोकं पाडतोय तोवर त्यात क्रोम घालायचं की कापसाची काडी, हा फरक तिथल्या मच्छीला नक्की कळतो. (चिखल पातळ करायला क्रोम लिग्नोसल्फोनेट वापरायचे, जुने लोक अजून आठवण काढतात, काम फार छान करायचं म्हणे.)

आणि शेतातला कचरा विहिरीत घालणं अजिबात नवं नाही. मुंबई हायला चुनखडीत भेगा लागल्या की चिखल गायब होतो, टाकीतली पातळी डोळ्यांसमोर उतरते. अशा वेळी भेगा बुजवायला अक्रोडाच्या टरफलाचा भरडा, सरकीची टरफलं, चिपाड, लाकडाचा भुसा, हे जगभर कित्येक वर्षं वापरतात. अक्रोडाचा भरडा तर रव्यासारखा बारीक-मध्यम-जाड अशा ग्रेडमध्ये येतो. नवीन आहे ते बारीक काम. भेग नाही, दगडातली सूक्ष्म छिद्रं बुजवायची.

---

आधीच_मर्कट – सोमवार, दुपारी १:४०

आणि गवार विसरलात की! २०११-१२ ला अमेरिकेत शेल गॅसवाल्यांना गवारगम हवा झाला, भाव एवढे भडकले की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारच बंद करावा लागला. राजस्थानातल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेतले आणि आमच्या डब्यात मात्र तीच गवारीची भाजी, तिला कुणी एक बॅरल तेल दिलं नाही.

---

पेठेतून_परदेशी – सोमवार, रात्री ११:५५ (इथे संध्याकाळ आहे)

अ‍ॅबर्डीनहून लिहितोय, कार्बन मटेरियल्समध्येच काम करतो म्हणून राहवलं नाही.

या विषयात ज्याचा जास्त गाजावाजा होतो ते ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या लोकांचा २०१२ चा पेपर आहे, त्यांनी पाण्यात ०.२ टक्के ग्राफीन ऑक्साइड घालून हीच तुमची ३० मिनिटांची टेस्ट केली, पाणी पडलं ६.१ मिली आणि केक २० मायक्रॉनचा. नेहमीच्या माती-पॉलिमरच्या मिश्रणाला ७.२ मिली आणि केक २८० मायक्रॉन. पाण्यात फार फरक नाही, पण केक चौदापट पातळ, आणि मूळ पोस्टमध्ये म्हटलंय तसं पाइप अडकण्याचा सगळा खेळ केकच्या जाडीवर. कागदाचे कपटे भिंतीवर डकवल्यासारखे ते पातळ पापुद्रे छिद्रांवर जाऊन बसतात. याच विद्यापीठात २०११ मध्ये बिस्किटं, गवत आणि झुरळाच्या पायापासूनसुद्धा ग्राफीन करून दाखवलंय, त्यामुळे पऱ्हाटीपासून होईल का हा प्रश्न नाहीच, कार्बन आहे ना मग होईल.

प्रश्न हा की होताना काय होतं. ग्राफीन ऑक्साइडची जी सर्वत्र वापरतात ती हमर्सची कृती, १९५८ ची, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट आणि सोडियम नायट्रेट. नंतर ते धुवायचं, धुवायचं, धुवायचं. ते आम्लाचं पाणी बघितलं की हिरवेपणाचा माज उतरतो. शिवाय समुद्राच्या पाण्यात, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या संगतीत, हे पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळा होतात. गोड्या पाण्यातला हिरो खाऱ्या पाण्यात झिरो.

मला विचाराल तर दुसरी वाट बरी. ओला कचरा पाण्यासकट बंद भांड्यात १८० ते २५० अंशांना काही तास शिजवायचा, आपला प्रेशर कुकरच, फक्त दणकट. जर्मनीच्या बर्गियसनं १९१३ मध्येच हे लिहून ठेवलंय. आम्ल नको, वाळवायचा खर्च नको. साखरेचं पाणी असं शिजवलं तर कार्बनचे छान गोल कण मिळतात, आणि त्यांच्या अंगावर ऑक्सिजनवाले गट असतात त्यामुळे पाण्यात आपोआप मिसळतात, सायीसारखे तरंगत नाहीत.

तुमच्या पहिल्या फजितीचं कारण राख आहे हो. कापसाच्या काडीत पोटॅश आणि कॅल्शियम असतं, कोळशात ते राखेतून येतं, पाण्यात उतरतं आणि बेन्टोनाइटच्या पापुद्र्यांना गोळा करतं. दूध नासतं तसं. म्हणून घट्ट झालं आणि म्हणूनच पाणी जास्त पडलं. धुतल्यावर सुधारलं ते याचमुळे.

---

चिखलवाला – मंगळवार, सकाळी ७:१०

क्या बात है. नासलेलं दूध हे डोळ्यांसमोर आलं एकदम, तसंच दाणेदार झालं होतं. आता एक उलटा विचार: शेल फुगू नये म्हणून आम्ही चिखलात मुद्दाम पोटॅशियम क्लोराइड घालतो. मग कोळशातलं पोटॅश सगळं धुऊन टाकण्यात अर्थ आहे का? बेन्टोनाइट आधी गोड्या पाण्यात नीट मुरू दिलं आणि कोळसा शेवटी घातला तर?

---

पेठेतून_परदेशी – मंगळवार, दुपारी ३:३०

पोटॅश चालेल, पण मापात. आणि ते काडीत किती आहे हे दर वावरात वेगळं येणार, खत किती टाकलं, पाऊस किती झाला यावर. आज एका पोत्यात इतकं आणि उद्या दुसऱ्या पोत्यात तितकं असला माल रिगवर कोण घेईल? धुऊन टाका आणि लागेल तेवढं पोटॅश मोजून घाला, हेच शहाणपण.

अजून दोन सूचना. कमी आचेवरच्या कोळशात डांबराचा अंश राहतो, त्यात पीएएच म्हणतात ती विषारी मंडळी असतात, तुमच्या कोळंबीच्या चुलतभावांना ती मानवणार नाहीत. ५००-६०० अंशांपर्यंत नीट भाजलं गेलं पाहिजे. आणि जास्त शहाणपणा करून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन करू नका, त्याला भूक फार, चिखलात घातलेली साबणासारखी आणि पातळ करायची सगळी रसायनं तोच गिळून बसेल.

---

आडवं_भोक – मंगळवार, रात्री ९:४८

मी पुण्यात एचडीडीचं काम करतो, रस्ता न खणता आडवं भोक पाडून केबल आणि गॅसच्या लाइनी टाकायच्या. आमच्याकडं पण बेन्टोनाइटच. तेलवाल्यांसारखी लॅब वगैरे नाही, मार्श फनेल (चिखल किती घट्ट ते बघायचं नरसाळं) असला तरी पुष्कळ, तो पण पोरांनी एकदा चहा गाळायला घेतला होता. पाणी २६ सेकंदांत निघतं तर चिखल पन्नासच्या आसपास निघाला की आम्ही खूश.

आमचा खरा वैताग म्हणजे चिखल मध्येच रस्त्याला फुटून वर येतो. एकदा एका सोसायटीच्या गेटसमोर डांबरातून बुडबुडे यायला लागले, पंधरा मिनिटांत घोटाभर राखाडी चिखल, आणि नेमकी त्याच दिवशी कुणाची तरी वरात. नवरदेव चपला हातात घेऊन गेला.

तर दादा तुमची आयडिया आमच्याकडं चालेल असं वाटत होतं, स्वस्त असेल तर, पण रंग वाचला आणि थबकलो. राखाडी चिखल वर आला तर लोक समजून घेतात, काळा चिखल रस्त्यावर आला तर ड्रेनेज फुटलं म्हणून नगरसेवक हजर होईल. आणि काम झाल्यावर उरलेला चिखल कुठं टाकायचा हा प्रश्न बेन्टोनाइटला आहे तोच. बरेच ठेकेदार रात्री नाल्यात सोडतात, कुणी सांगत नाही एवढंच.

---

चिखलवाला – बुधवार, सकाळी ८:१५

रंगाचं तुम्ही बोललात आणि माझ्या डोक्यात दुसराच दिवा लागला. रिगवर भूगर्भवाला चुऱ्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली आणि अतिनील (यूव्ही) प्रकाशाखाली बघत असतो, तेलाचा अंश असला की चमकतो. मी त्याच्या चिखलात बारीक कोळसा कालवला तर पहिल्यांदा तो म्हणणार कोळशाचा थर लागला, आणि दुसऱ्यांदा, जे काय चार थेंब तेल होतं ते कोळशानं शोषून घेतलं म्हणून त्याला काही दिसणारच नाही. म्हणजे शोध घेणाऱ्या विहिरीत हे घालणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यात काजळ, तेही पसरलेलं. जिथे आधीच पंचवीस विहिरी झाल्यात तिथे ठीक.

आता वणीच्या गड्याच्या प्रश्नावर येतो, भाव. काल रात्री हिशोब मांडला, तुम्हीच तपासा.

समजा विहिरीत १००० बॅरल चिखल फिरतोय. बॅरलला ३ पौंड कोळसा, म्हणजे ३००० पौंड, साधारण १३६० किलो. खड्ड्यातून कोरड्या काडीच्या पाव-एक भाग कोळसा मिळतो, हेक्टरी पऱ्हाटी दोन-तीन टन धरली तर हेक्टरी अर्धा टन कोळसा. म्हणजे एका विहिरीच्या चिखलाला तीन हेक्टरची पऱ्हाटी पुरली. चाळणीत निम्मा गेला असं धरा आणि चिखल मध्ये दोनदा बदलला असं धरा, तरी पंधरा-वीस हेक्टर. भावाच्या आळीतली चार घरं मिळून एवढं होतं! आणि देशात पऱ्हाटी निघते वर्षाला अडीच-तीन कोटी टन.

म्हणजे गड्या, तेलवाले तुझी पऱ्हाटी संपवणार नाहीत. हे मला आधी कळायला हवं होतं, पण मी फिल्टर प्रेसच्या थेंबांकडे बघत बसलो. चिखलात जाणारा कोळसा हा चार पोत्यांचा चांगल्या भावाचा धंदा आहे, चार जिल्ह्यांचा नाही. आणि चांगला भाव मिळणार तो कोळशाला नाही, चाळणीला. बेन्टोनाइटसुद्धा घेताना बघतात की ७५ मायक्रॉनच्या वरचा भाग ४ टक्क्यांच्या आत आहे का. दगडाच्या छिद्राच्या निदान एक तृतीयांश आकाराचा कण पाहिजे, तरच तो तोंडावर अडकून पूल बांधतो, हा अब्रॅम्सचा १९७७ चा नियम आम्हाला पाठ असतो. ठरावीक आकाराचे कण, दर पोत्यात तेच, हे जमलं तर पैसे. ते मिरची कांडपावर जमणार नाही.

---

वणीचा_गडी – बुधवार, सकाळी ८:४०

म्हनजे आमच्या वाट्याले पुन्हा काडेपेटीच 😀

---

खडूस_काका – बुधवार, सकाळी १०:०२

असं नाही रे बाबा. बारीक ७५ मायक्रॉनच्या आतलं तेवढं तेलवाल्यांना, आणि चाळणीवर उरलेला भरडा स्वतःच्या वावरात शेणखतात मुरवून टाक. तो कोळसा जमिनीत टिकतो, म्हणून तर परदेशी कंपन्या त्याचे कार्बन क्रेडिट घेतायत. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं वराह नावाच्या आपल्याकडच्या कंपनीशी १ लाख टन कार्बन क्रेडिटचा करार केलाय, बायोचारचाच, म्हणजे जमिनीत घालायच्या असल्या कोळशाचाच.

गंमत बघा, तोच कोळसा वावरात गेला तर क्रेडिट आणि चिखलातून तीन किलोमीटर खाली गेला तर काहीच नाही, खरं तर तो जास्त खोल पुरला गेला. पण त्याच भोकातून पुढे तेल येणार असल्यामुळे कुणी हिशोबाला बसायला तयार नाही. मी तरी म्हणूनच वाघ म्हटलं होतं.

---

काजूताई – बुधवार, रात्री ८:३०

रत्नागिरीहून. आमचं छोटं काजू प्रक्रियेचं युनिट आहे. हा धागा बघून विचारते, काजूची टरफलं चालतील का? आमच्याकडे ढिगानं. तेल काढणाऱ्याला देतो, पण तो नेतो त्याच्या सवडीनं. एकदा आमच्याच माणसानं टरफलं तशीच पेटवली आणि त्या धुरानं शेजारच्या आजींचे डोळे दोन दिवस सुजलेले, तेव्हापासून नाव काढत नाही. ते तेल हाताला लागलं तरी सालटं निघतात, तुम्हाला माहीतच असेल.

---

पेठेतून_परदेशी – बुधवार, रात्री ११:४०

ताई, कच्ची टरफलं अजिबात पेटवू नका, उघड्या खड्ड्यात तर नाहीच. तेल काढून उरलेली पेंड बंद भट्टीत, धूर परत आगीत वळवून, असं करता येईल पण ते घरगुती काम नाही. आणि टरफलाच्या तेलाला ब्रेक लायनिंगवाल्यांकडे चांगली किंमत आहे, आधी तो मार्ग बघा. तुमच्याकडे नारळाच्या करवंट्या असतील तर त्या जास्त बऱ्या. कोळसा कठीण होतो आणि राख फार कमी, म्हणजे धुण्याची कटकट कमी. पण त्याला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवाले गिऱ्हाईक आधीपासून आहे, तमिळनाडूत कांगेयमला तर त्याचीच बाजारपेठ आहे. तिथला भाव सोडून चिखलात कोण घालेल?

आणि कुणी भंडारा-गोंदियाचं असेल आणि तूस सुचवणार असेल तर आधीच सांगतो, तुसात २० टक्क्यांच्या आसपास राख आणि ती जवळपास सगळी सिलिका. पॉलिशपेपर आहे तो.

---

चिखलवाला – गुरुवार, पहाटे ५:२०

तुसाचं अगदी खरं. मड पंपाचे लायनर खाऊन टाकेल, आणि पंपवाला मला. पऱ्हाटीत राख कमी आहे हाच तिचा मोठा गुण.

---

कऱ्हाडचा_पाव्हणा – गुरुवार, दुपारी १२:१०

विषयांतर होतंय पण विचारतोच. आमच्याकडं कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटरचं भोक पाडलंय, २०१७ ला पुरं झालं. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण आणि खाली ग्रॅनाइट. तिथं भेगा असणारच की, धरणीकंपाचा भाग. तिथं हे कोळसा-बिळसा चाललं असतं का?

---

चिखलवाला – गुरुवार, दुपारी २:४५

पाव्हणं, भेग मोठी असेल तर बारीक कोळसा त्यातून नुसता निघून जाईल, गटारीवर रांगोळी टाकल्यासारखं. तिथे भरडाच लागतो, अक्रोड वगैरे. आणि अभ्यासाच्या भोकात तर खालून येणारा गॅस, पाणी, सगळं मोजायचं असतं, तिथे शोषून घेणारी वस्तू घालणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात बोळा. मी तरी नाही घालणार.

उद्या पहाटे हेलिकॉप्टर आहे. चौदा दिवस नेट असेल-नसेल. दळणासाठी बॉल मिल असलेलं कुणी ओळखीचं असेल तर लिहून ठेवा. टाइल्सवाले चालतील, काळं झालं तर धुऊन देईन.

---

आडवं_भोक – गुरुवार, रात्री १०:३०

भोसरीत एक रंगवाला आहे, पिगमेंट दळतो. काळा रंग तर तो रोजच दळतोय, त्याला तुमच्या कोळशाचं काही वाटणार नाही. विचारून ठेवतो. मिरचीचा वास येणार नाही याची मात्र हमी द्या.

---

वणीचा_गडी – शुक्रवार, सकाळी ६:१५

भाऊ मी काल खड्डा खनला. तीन फूट खोल, वर पाच फूट रुंद. दोन बंड्या पऱ्हाटी घातली, पाच पोते कोळसा निघाला. रात्री पोते गोठ्यात ठेवले होते, तीन वाजता बापानं उठवलं, एका पोत्यातून धूर. आत निखारा राहिला होता कुठंतरी. बैल सोडले, पोतं बाहेर फेकलं, बाप अजून बोलून राहिला.

---

पेठेतून_परदेशी – शुक्रवार, सकाळी ११:००

अरे बापरे. हे मी आधी लिहायला हवं होतं, चुकलं माझं. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि आतल्या आत तापतो, वरून गार दिसला तरी. विझवताना पाणी कमी पडलं असेल तर विचारूच नका. भरपूर पाण्यानं विझवा, उघड्यावर पसरून एक-दोन दिवस ठेवा, हात घालून बघा, मगच पोत्यात. आणि गोठ्यात, कडब्याजवळ कधीच नाही. दळलेली पावडर तर हवेत उडालेली असताना ठिणगीनं भडका घेते, दळताना विडी नको.

---

वणीचा_गडी – शुक्रवार, दुपारी १:२५

बरं. पसरवला आहे आता खळ्यात. चार पोते तुमच्या भावाच्या घरी टाकून देतो, ओला करूनच. पाचवं बापानं विहिरीत फेकलं.

---

आधीच_मर्कट – शुक्रवार, दुपारी १:३१

म्हणजे कोळसा शेवटी विहिरीत गेलाच.